खिडकीबाहेरची सोनोग्राफी

आमच्या बेटाचं नाव मोतुलाही, म्हणजे मोठं बेट. नाव ठेवणाऱ्याने आयुष्यात दुसरं बेट पाहिलेलं नसावं. टोंगाच्या नकाशावर आम्ही आहोत, पण नकाशाची घडी नेमकी आमच्यावरून जाते, त्यामुळे बऱ्याच प्रतींमध्ये आम्ही झिजून गेलो आहोत.

गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं. दाढी करायच्या मशीनएवढा, पोटावर फिरवायचा बिनतारी प्रोब, आणि त्याचं चित्र दाखवणारा एक टॅब. ते चालवायला कोणाला शिकवायचं हे ठरवण्यासाठी गावसभा बसली.

यंत्र मुख्यतः गरोदर बायकांसाठी होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण सभेत भाऊ आणि बहिणी एकत्र बसलेले असतात, आणि भावाबहिणींनी एकमेकांसमोर पोट, बाळंतपण, दुखणं असलं काही तोंडातून काढायचं नाही, ही आमची मर्यादा आहे. त्यात आमच्याकडे चुलत, मामे, मावस, आते असा फरक नसतो. सगळी सख्खीच. त्यामुळे यंत्र कोणाच्या कुठे लावायचं हा प्रश्न सभेत कोणालाच काढता आला नाही. दोन तास फक्त बॅटरीवर चर्चा झाली. मला बॅटरीतलं कळतं, म्हणून माझी निवड झाली.

मी राजधानीत जाऊन शिकून आलो. शिकवायला न्यूझीलंडहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी यकृत, मूत्रपिंड, अपेंडिक्स, सगळं दाखवलं आणि शेवटी पाठ थोपटून म्हणाल्या, "लेवेनी, आता तुझ्या बेटावरच्या बायकांना काळजी नाही." मी होडीतून घरी येताना मोजलं. बेटावर जी माझी बहीण किंवा आत्या लागत नाही, अशी बाई एकच निघाली. पाद्रीबुवांची बायको. ती ठणठणीत होती.

नर्स ओलिवेतीबाईंना म्हटलं, तुम्ही शिका. त्या म्हणाल्या, "माझा स्टेथोस्कोपवरसुद्धा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही."

तेव्हापासून मी पुरुषांची पोटं बघत आलो. पुरुष तपासून संपले तेव्हा डुकरिणी बघितल्या, कारण डुकरीण कोणाची बहीण नसते. उरलेल्या वेळात मी स्वतःचंच पोट बघायचो. आडवं पडायचं, प्रोब लावायचा, टॅब गुडघ्याला टेकवायचा. माझं अपेंडिक्स मला इतकं चांगलं ओळखता यायला लागलं की संध्याकाळी पुरुषमंडळी कावा, म्हणजे आमचं मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायला बसली की मी ते टॅबवर सगळ्यांना दाखवायचो. एकदा पाद्रीबुवा बराच वेळ बघून म्हणाले, "सुंदर. पण हे कशासाठी असतं?" मी म्हटलं, कशासाठीच नाही. ते म्हणाले, "देवाने उगीच काही केलेलं नाही." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहून एक लहानसा उसासा सोडला.

ही गोष्ट एका शनिवारची आहे. आमचा होडीवाला हेनेली आदल्या दिवशी ओलिवेतीबाईंना एका अडलेल्या बाईसह शेजारच्या, खरोखरच मोठ्या बेटावर सोडून आला होता. दवाखाना माझ्याकडे होता. मी पायरीवर बसून एका डुकरिणीची चित्रं बघत होतो, तेवढ्यात तोआकासे आत्या आली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्या हे घरातलं सर्वांत मोठं पद आहे. वडीलसुद्धा तिच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलतात, आणि सध्या ते आईसह ऑकलंडला असतात, तरी फोनवरही खालीच ठेवतात. घरात आत्या आणि माझी धाकटी बहीण लुसेआने अशा दोघी राहतात. मी मागच्या खोपटात झोपतो, कारण मिसरूड फुटल्यावर मुलगा बहिणीच्या छपराखाली झोपत नाही.

"लेवेनी," आत्या म्हणाली. "काय चाललंय?"

"काही नाही, आत्या."

"ते दिसतंच आहे." ती खाली बसली. हे विशेष होतं. आत्या पायरीवर बसत नाही. "आपल्या घरातलं एक माणूस कालपासून जेवलेलं नाही."

"कोण?"

आत्याने आभाळाकडे पाहिलं. मी विचार केला. मी सकाळी दोन वेळा जेवलो होतो. आत्याच्या ओठाच्या कोपऱ्याला अळूच्या पानातल्या नारळाच्या दुधाचा थेंब होता.

"काय होतंय तिला... त्या माणसाला?"

"तुला कसं सांगू मी?" आत्या खरंच अडचणीत होती. भावाजवळ बहिणीच्या पोटाचं नाव काढणं तिलाही जमेना. शेवटी तिने काडी घेतली आणि वाळूत एक ओबडधोबड गोल काढला. "हे आपलं बेट समज. हे मधोमध चर्च. हा इकडे खाली उजवीकडे धक्का. काल दुपारी दुखायला लागलं ते चर्चपाशी. रात्री ते हळूहळू धक्क्याच्या बाजूला चालत गेलं. आणि पहाटेपासून हे इथे, हेनेलीच्या घरापाशी येऊन बसलंय. हलत नाही."

शिकवणाऱ्या बाईंनी अगदी हेच सांगितलं होतं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली सरकतं आणि तिथेच बसतं. फक्त त्यांनी हेनेलीचं नाव घेतलं नव्हतं.

"उलटी?"

"समुद्र दोनदा किनाऱ्यावर आला."

"ताप?"

"ऊन कडक आहे," आत्या म्हणाली, आणि तिच्या हातातली काडी मोडली.

आमच्याकडे फोनला रेंज मिळते ती चर्चमागच्या पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. खाली गाण्याची तालीम चालू होती. मी वर उभा राहून मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात डॉक्टर मोआलांना फोन लावला. डॉक्टर मोआला माझे कोणीही लागत नाहीत. असा माणूस आमच्या देशात सापडणं अवघड असतं, त्यामुळे त्यांच्याशी मी मोकळेपणाने बोलतो.

"दाबून एकदम सोडलं की जास्त दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"मला दाबता येणार नाही, डॉक्टर. ती माझी बहीण आहे."

डॉक्टर शिकले परदेशात असले तरी वाढले आमच्यातच. "अरेरे," ते म्हणाले.

"पाठवू का तिला?"

"हे बघ. मुलीच्या पोटात त्या बाजूला दुखायची सतरा कारणं असतात. आज समुद्र बघितलास ना? उगीच तीन तास तिला लाटांवर आपटवत आणू नकोस. आणि खरंच अपेंडिक्स असेल, तर सोमवारपर्यंत तिथे ठेवूही नकोस. फुटलं तर मग माझ्या हातात फार काही राहणार नाही." ते थांबले. "मागच्या वर्षी तुमच्याकडून एक अपेंडिक्स आलं होतं, लक्षात आहे?"

लक्षात होतं. ते हेनेलीचं होतं. बेटावर मोठी होडी चालवणारा हेनेली एकटाच, त्यामुळे पोट धरून कण्हत तो स्वतःच होडी चालवत गेला होता. तपासल्यावर निघालं कलिंगड. दीड कलिंगड, बियांसकट.

"तुझ्याकडे यंत्र आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्याच्या हातात प्रोब दे, तू टॅब घेऊन बाहेर बस. मला चित्र पाठव. सुजलेलं दिसलं तर मी लगेच ऑपरेशनचं टेबल तयार ठेवतो."

उद्या रविवार होता. रविवारी आमच्याकडे होडी हलवायची तर पाद्रीबुवांची परवानगी लागते, आणि तीही मिळाली असती, पण समुद्राची कोण घेणार? हेनेली पेट्रोलचा डबा घेऊन आमच्या दारातल्या नीरफणसाखाली येऊन बसला. लाटांकडे बघत म्हणाला, "भरती फिरायच्या आत निघालो तर ठीक. नंतर मी खडकांतून बाहेर पडणार नाही. पोरीचं काय ते लवकर ठरवा."

आम्ही तयारी केली. लुसेआनेला खिडकीला लागून गादीवर निजवलं, म्हणजे आत्याने निजवलं. खिडकीवर चटई टांगली. चटईच्या आत त्या दोघी, बाहेर टॅब घेऊन मी, माझ्यामागे झाडाखाली हेनेली.

लुसेआने आणि मी भांडलेले नाही आहोत, हे सांगायला हवं. आमचं उत्तम जमतं. मी खोपटात राहायला गेल्यापासून आम्ही फक्त हवामानाबद्दल बोलतो. "वारा पडला वाटतं." "हो, पडला." एवढ्यात खूप काही सांगता येतं. ती नेटबॉलच्या स्पर्धेत जिंकून आली तेव्हा मी म्हटलं होतं, "आज आकाश फार स्वच्छ आहे," आणि ती लाजली होती.

आता त्या चटईमागून तिचा श्वास ऐकू येत होता. तोकडा, मोजून घेतल्यासारखा.

पहिली अडचण लगेच आली. मला आत्याला सूचना द्यायच्या होत्या, आणि भाच्याने आत्याला सूचना द्यायची पद्धतच नाही.

"आत्या," मी म्हटलं, "प्रोब जरा खाली सरकवा."

प्रोब हलला नाही.

"तू मला सरकवा म्हणालास?"

"नाही आत्या. सरकवावासा वाटला तर, असं म्हणालो."

"मग ठीक आहे." प्रोब सरकला. टॅबवर करडं धुकं हललं.

"जेल लावलंय ना?"

"ते गार होतं. मी माझं तेल लावलंय. फुलांचं."

शिकवणाऱ्या बाई तिथे असत्या तर त्यांना घेरी आली असती. पण चित्र तेलातही येत होतं. वर चरबीची पातळ रेघ, खाली स्नायूंचे पट्टे, आणि त्याखाली गॅसची मळकट सावली. मोठ्या आतड्यात गॅस असतो, आणि गॅसमधून यंत्राला काही दिसत नाही. त्यासाठी हळूहळू दाबत जायचं असतं. गॅस बाजूला होतो, निरोगी आतडं दबून चपटं होतं. सुजलेलं अपेंडिक्स दबत नाही. त्याची ओळखच ती.

"आत्या, आता आपण चर्चपासून धक्क्याकडे निघालो आहोत असं समजा," मी म्हटलं. "धक्क्याच्या थोडं अलीकडे. एक तृतीयांश वाट उरली की थांबावंसं वाटलं तर थांबा. हेनेलीच्या घरापाशी."

"धक्क्यापासून माझं घर एक तृतीयांश नाही," मागून हेनेली म्हणाला. "पाव आहे. मी रोज चालतो."

"तुम्ही रोज कावा पिऊन चालता. त्याने अंतर बदलतं."

"अंतर तेच राहतं. वेळ बदलतो."

"हेनेली," आतून आत्याचा आवाज आला, "तुझ्या घराला मी हात लावलाय आणि तिथे आग लागल्यासारखं तापलंय. गप्प बस."

हेनेली गप्प बसला. मग हळूच मला म्हणाला, "माझंच घर का पण? पाद्रीबुवांचंही घर त्याच रस्त्यावर आहे."

चटईमागून बारीक आवाज आला. "हसवू नका. दुखतं."

तो लुसेआनेचा होता. आम्ही सगळे एकदम गंभीर झालो.

"आत्या, आता थोडा जोर देता आला तर..."

आत्याने जोर दिला. धुकं जरासं विरलं. खाली एक काळी नळी धडधडताना दिसली, पायाकडे जाणारी रक्तवाहिनी. म्हणजे जागा बरोबर होती. अपेंडिक्स बहुतेक तिच्यावरूनच आडवं गेलेलं असतं. मी टॅब डोळ्यांजवळ नेला. तेवढ्यात लुसेआने कळवळली, आणि चित्र उडून गेलं.

"आणखी थोडं, आत्या."

चित्र आलंच नाही.

"आत्या?"

"मला नाही जमणार," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. सबंध बेट जिच्यासमोर आवाज खाली ठेवतं, त्या बाईचाच आवाज खाली गेला होता. "माझ्या भावाची पोर आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलंय. मी नाही दाबणार."

मी पुन्हा विनंती केली. पद्धतशीर, सगळे शब्द वापरून. आत्याने प्रोब पुन्हा लावला, पण पाखराला हात लावावा तसा. टॅबवर नुसतं धुकं.

हेनेली उठून उभा राहिला. आता तो थट्टा करत नव्हता. "लेवेनी. खडकांवर पांढरं दिसायला लागलंय."

मी धुक्याकडे बघत राहिलो. त्यात कुठेतरी एक करंगळीएवढी नळी होती. ती सुजलेली असली आणि मी तिला इथेच ठेवलं, तर सोमवारी कदाचित उशीर झालेला असेल. नसली आणि मी पाठवलं, तर असल्या समुद्रात तापाने फणफणलेली माझी बहीण तीन तास होडीच्या तळाशी आपटत जाईल. काहीही ठरवायचं तर ते त्या चटईपलीकडे होतं, माझ्या हातापासून वीतभर. मी चटईच्या कडेला हात घातला.

"आत येऊ नकोस," लुसेआने म्हणाली.

माझा हात तिथेच राहिला.

"आलास तर आत्याला झटका येईल. मग होडीत दोघींना घालावं लागेल." तिने श्वास घेतला. "तू रोज स्वतःचंच बघत बसतोस ना? अख्ख्या गावाला दाखवतोस."

भावाच्या अपेंडिक्सची ख्याती बहिणीपर्यंत पोचलेली असणं हे आमच्याकडे फारसं शोभत नाही.

"तुला स्वतःचं जमतं, मग मला का नाही जमणार? आत्या, द्या तो इकडे."

"अगं, पण..." आत्या म्हणाली.

"द्या."

सळसळ झाली. टॅबवर धुकं गरकन फिरलं. मग चटईमागून ती म्हणाली, "दादा, कुठून सुरू करू?"

मी खोपटात राहायला गेल्यापासून हवामान सोडून तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. हेनेलीने मागून डब्यावर टिचकी मारली, तेव्हा मी भानावर आलो.

"एका बोटाने दाखव," मी म्हटलं. "सगळ्यात जास्त कुठे आहे ते. आणि बोटाच्या जागी प्रोब ठेव."

तिने ठेवला. मी सांगितलेल्या जागेपासून दोन बोटं धक्क्याकडे. म्हणजे पाव. हेनेली बरोबर होता, पण त्याला हे सांगायची ती वेळ नव्हती.

"आता दाब. सावकाश. भाकरीचं पीठ दाबतात तसं."

"किती?"

"दुखेपर्यंत."

"दुखतंच आहे."

"मग त्याच्या थोडं पुढे."

ती दाबत गेली. आत्याला तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसत होतं, तिला स्वतःला ते दिसत नव्हतं, त्यामुळे तिची अडचण होत नव्हती. धुकं एका बाजूला सरकायला लागलं. आतडं दबलं, चपटं झालं, बाजूला झालं. काळी नळी धडधडत वर आली. आणि तिच्यावर आडवी एक दुसरी नळी, जाड भिंतीची, एका टोकाला बंद.

"थांब," मी म्हटलं.

ती थांबली. तिचा श्वाससुद्धा थांबला.

"आणखी एकदा दाब."

आजूबाजूचं सगळं दबलं. ती नळी तशीच राहिली. तुंबलेल्या पाइपासारखी टम्म.

"आता सोड."

तिने सोडलं, आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला. मी तो ऐकला नाही. हेनेलीनेही ऐकला नाही. आत्या अगदी शेजारी होती, पण तिनेही ऐकला नाही.

"प्रोब आता आडवा फिरव. नव्वद अंश. बस."

नळीचा गोल झाला. गोलात गोल, नेम धरायच्या फळीवर काढतात तसा. मधोमध एक पांढरा खडा, त्याखाली काळी सावली. मी मापाची रेघ ओढली. सहा मिलिमीटरपर्यंत चालतं, हे अकरा होतं. भिंतीची रेघ मी दोनदा फिरून पाहिली. कुठे तुटलेली दिसली नाही. अजून फुटलं नव्हतं.

"सापडलं?" तिने विचारलं.

"हो."

"कसं आहे?"

मी विचार केला. भावाने बहिणीला या प्रसंगी काय सांगावं, याची आमच्याकडे काहीच पद्धत ठरलेली नाही.

"हवामान खराब आहे," मी म्हटलं. "पण आपण वेळेत निघतोय."

मग ती म्हणाली, "बरं."

टाकीवर चढून मी चित्र पाठवलं. ते इतकं सावकाश गेलं की खाली गाण्याची दोन कडवी झाली. मग फोन वाजला.

"हे कोणी काढलं?" डॉक्टर मोआलांनी विचारलं.

"पेशंटने."

"पेशंट सोनोग्राफी करते?"

"नेटबॉल खेळते."

"माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी हे चित्र दाखवणार आहे," ते म्हणाले. "आण तिला. टेबल तयार ठेवतो. तोंडात काही घालू देऊ नका, पाणीसुद्धा नाही."

मी धावत खाली आलो तेव्हा आत्याने प्रवासासाठी कोनफळं, अर्धं डुक्कर आणि अळूच्या पुड्या बांधल्या होत्या. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आत्या म्हणाली, "तिला कोण देतंय? ती मला लागणार आहेत. माझा जीव घाबराघुबरा झालाय."

आम्ही भरती फिरायच्या आत खडकांतून बाहेर पडलो. लुसेआने पुढे गादीवर, तिचं डोकं आत्याच्या मांडीवर. मी अगदी मागे, त्यांच्याकडे पाठ करून.

"तू मागे तोंड करून बसलायस," हेनेली म्हणाला. "पुढचं कोण बघणार?"

"तुम्ही."

"मी सुकाणू बघतो."

"मग आत्या."

आत्याने पुढचं बघितलं. एका हाताने लुसेआनेचं कपाळ धरून आणि दुसऱ्या हाताने डुकराचा तुकडा धरून ती येणाऱ्या प्रत्येक लाटेला दटावत होती, आणि माझ्या मते बऱ्याचशा लाटा वचकून बाजूने गेल्या. मी मात्र आमचं बेट लहान होत जाताना बघत होतो. नाव ठेवणाऱ्याची चूक हळूहळू स्पष्ट होत गेली.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. डॉक्टर बाहेर आले ते अपेंडिक्स ठेवलेली काचेची बाटली घेऊनच. "अजून एक दिवस गेला असता तर फुटलं असतं," ते म्हणाले. "ती झोपली आहे. छान आहे." आत्याने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि उरलेलं सगळं डुक्कर त्यांच्या स्वाधीन केलं. उरलेलं म्हणजे एक कान.

हेनेली बाटलीकडे वाकून बघत होता.

"एवढंसंच?" तो म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. "माझं घर एवढंसंच?"

हेनेली, ओलिवेतीबाई आणि मी सोमवारी परतलो, आत्या आणि लुसेआने तिथेच राहिल्या. त्या आठवड्यात गावसभा बसली. यंत्रामुळे एक मोठं संकट टळलं म्हणून यंत्राचे आणि संबंधितांचे आभार मानायचे होते. पण कोणाचं, काय आणि कुठे, हे भावाबहिणींसमोर बोलायचं कसं? दोन तास बॅटरीवर चर्चा झाली. ती सर्वांच्या मते फार चांगली बॅटरी होती. पाद्रीबुवांनी तिच्यासाठी प्रार्थना केली.

सभेनंतर ओलिवेतीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्याकडे तीन गरोदर बायका विचारायला येऊन गेल्या. माझ्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. लुसेआने कधी येणार, असं विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोब दवाखान्यातून नाहीसा झाला. मी फोनवर आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तो मी ओलिवेतीला घरी ठेवायला सांगितलाय. लुसेआनेच्या उशाशी. टॅब तुझ्याकडे राहू दे. खिडकी आहेच."

पुढच्या शनिवारी त्या दोघी आल्या. मी धक्क्यावर उभा होतो. अर्धं गाव होतं. आत्या उतरली, सगळ्यांनी आवाज खाली ठेवले. मग लुसेआने उतरली. थोडी वाळली होती, आमच्याकडे कपड्यांवरून कमरेभोवती बांधतात ती विणलेली चटई जरा सैल गुंडाळलेली, पण चालत होती ती स्वतःच्या पायांनी, हेनेलीचा हात बाजूला सारून. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली. नजर समुद्राकडे.

"वारा पडला वाटतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "पडला."

"आता बरं आहे."

"हो. आता एकदम बरं आहे."

ती पुढे निघाली. चार पावलं गेल्यावर मान न वळवता म्हणाली, "बॅटरी भरलेली आहे ना?"

"काल रात्रीच भरली."

तिने मान हलवली आणि आत्याच्या मागोमाग, हेनेलीच्या घरावरून, चर्चच्या रस्त्याला लागली. मी तिथेच उभा राहिलो. हवामान आणि बॅटरी. आमच्या बोलण्यात एका विषयाची भर पडली होती.